हुंडी बाझलवरची

परदेश नेमका कोठे सुरू होतो, या प्रश्नाचे उत्तर आमच्या आजोबांच्या पिढीला सोपे होते. बॅलार्ड पियरवरून बोट धक्का सोडी, काठावरचे रुमाल हलत, आणि किनाऱ्याची रेघ दिसेनाशी झाली की परदेश सुरू होई. पुढच्या पिढीला तो विमानतळावरच्या काचेच्या खिडकीपाशी भेटू लागला. पलीकडचा अधिकारी पासपोर्टावर शिक्का मारी आणि त्या ठोक्यासरशी माणूस परदेशस्थ होई. आता विमानाची चाके जमिनीला टेकतात न टेकतात तोच दोनशे-अडीचशे खिशांतून टुणटुण सुरू होते. आपले पहिले स्वागत करायला पुढे येते ती टेलिफोन कंपनी, आणि तेही दरपत्रक हातात घेऊन. अमुक देशात आपले स्वागत असो. बोलण्याचे मिनिटाला इतके, आलेल्या फोनचे इतके, डेटाचे इतके. परदेश डोळ्यांना दिसण्यापूर्वीच रुपयांत कळतो.

या व्यवहाराला रोमिंग म्हणतात. मराठीचा मास्तर असल्यामुळे कोणताही इंग्रजी शब्द दिसला की प्रतिशब्द शोधण्याची मला खोड आहे. ‘भ्रमण’ म्हणावे तर भ्रमणध्वनीचे भ्रमण ऐकून विद्यार्थी हसतात. पण या प्रकाराची माहिती करून घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की शब्द नवा असला तरी धंदा जुनाच आहे. आपल्याकडे त्याला हुंडी म्हणत.

पेशवाईतला गृहस्थ काशीला निघे तेव्हा रोकड बरोबर बांधून नेत नसे. वाटेत चोराचिलटांचे भय. तो पुण्यातल्या सावकाराकडे पैसे भरी आणि काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. तिकडचा सावकार या गृहस्थाला ओळखत नसे, पण पुण्याच्या पेढीला ओळखे. कागद पाही, खूण पटवी आणि पैसे मोजी. दोन्ही पेढ्या आपापसात हिशेब मागाहून चुकता करीत. या सोयीबद्दल जी रक्कम कापली जाई तिला हुंडणावळ म्हणत.

तुमचा-आमचा मोबाइल परदेशात हेच करतो. सिमच्या पोटात एक क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ किंवा ४०५, फ्रान्सचे २०८, स्वित्झर्लंडचे २२८, जर्मनीचे २६२. परमुलखातला मनोरा हे आकडे वाचतो, पाहुणा कोठला ते ओळखतो आणि घरच्या कंपनीला विचारणा करतो, ‘हा तुमचाच का? याला द्यावे का?’ घरच्या पेढीने हुंकार भरला की व्यवहार सुरू. यात एक गंमत अशी की डेटाचा सौदा बहुधा घरच्याच पेढीवर होतो. युरोपातल्या एखाद्या चौकात उभे राहून दोन गल्ल्यांपलीकडच्या कॉफीच्या दुकानाचा पत्ता विचारला, तर तो प्रश्न आधी भारतात येतो. समुद्राच्या तळाशी बागेतल्या पाण्याच्या नळीएवढ्या जाडीच्या ज्या केबली अंथरल्या आहेत, त्यांतल्या कित्येक आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. तसल्या एखाद्या केबलीतून प्रश्न हजारो किलोमीटर इकडे येतो, इथे जगाच्या बाजारात शिरतो, आणि उत्तर घेऊन तितकाच परत जातो. हे सारे डोळ्याचे पाते लवेपर्यंत होते, म्हणून आपल्या गावी नसते. पण परदेशात फोन उघडल्यावर पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिराती का दिसतात, याचे कारण हे. माणूस सीमा ओलांडून गेला तरी त्याचे इंटरनेट अजून घरीच असते.

हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर बाझलसारखे गाव नाही. स्वित्झर्लंडच्या वायव्य टोकाला, जेथे ऱ्हाइन नदी पश्चिमेकडून एकाएकी उत्तरेला वळते, त्या वळणावर हे शहर बसले आहे. उत्तरेला जर्मनी, पश्चिमेला फ्रान्स. स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ आणि गाई येतात. इथे बर्फाचे डोंगर नाहीत. इथे सीमाच पाहायच्या. शहराचा विमानतळ १९४६ पासून फ्रान्सच्या भूमीवर आहे. त्याला एक दार स्विस बाजूचे आणि दुसरे फ्रेंच बाजूचे. शहराच्या पोटातले एक मोठे स्टेशन, बाडिशर बानहोफ, जर्मन रेल्वे चालवते. आंतरराष्ट्रीय देण्याघेण्याचे हिशेब पाहण्यासाठी १९३० मध्ये स्थापन झालेली मध्यवर्ती बँकांची बँकही इथेच आहे. हुंडीच्या धंद्याला इतके शोभणारे गाव दुसरे कोणते असणार?

माझी भाची इथून तासाभराच्या आतल्या अंतरावर, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला शिकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. निघण्यापूर्वी दहा दिवसांचे रोमिंगचे पॅक घेतले. त्याला पडलेले पैसे ऐकून आमच्या आईने ‘एवढ्यात महिन्याचं वाणसामान येतं’ असा शेरा मारला होता. पण पॅक घेतले ते तिच्याचसाठी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई सांगलीला एकटी असते, आणि रोज रात्री आठला आमचा फोन ठरलेला. युरोपातल्या उन्हाळ्यात आपले घड्याळ साडेतीन तास पुढे असते. तेव्हा तिकडचे साडेचार वाजले की सौभाग्यवती जिथे असेल तिथे थांबून पर्समधून फोन काढी.

फ्रायबुर्गहून सकाळच्या गाडीने निघालो. द्राक्षांचे मळे मागे पडले. बाझल जवळ आले तशी भाचीने फोन हातात घेतला आणि आपण घराबाहेर पडताना नळ बंद आहे ना पाहतो, तितक्या सहजतेने कसलेसे बटण बंद केले.

“काय गं?”

“डेटा बंद केला, मामा. हा देश महाग आहे.”

“परवा आपण स्ट्रासबुर्गला गेलो, तेव्हा नाही बंद केलास.”

“ते फ्रान्स. तिथं घरच्यासारखंच.”

या ‘घरच्यासारखंच’मध्ये दहा वर्षांचा झगडा दडला आहे. युरोपात तासाभरात देश बदलतो, आणि देश बदलला की फोनचे बिल फुगे. सुटीवर गेलेल्या माणसांना घरी परतल्यावर महिन्याच्या पगाराएवढी बिले येत. अखेर युरोपीय संघाने २००७ मध्ये कायदा करून बोलण्याच्या दरांना मर्यादा घातली. डेटाची पाळी २०१२ मध्ये आली. एका मेगाबाइटला ७० सेंटहून अधिक घ्यायचे नाहीत, असे ठरले, आणि ती मोठी सवलत मानली गेली. हिशेब करून पाहा : त्या सवलतीच्या दराने आजचा एक जीबी डेटा सातशे युरोंच्या पुढे जातो. मग २०१३ मध्ये ४५ सेंट, २०१४ मध्ये २० सेंट, आणि १५ जून २०१७ रोजी हुंडणावळ उडाली. संघातल्या कोणत्याही देशाचे सिम संघात कोठेही घरच्याच दराने वापरावे, अतोनात वापर मात्र करू नये. २०२२ मध्ये या कायद्याला २०३२ पर्यंत मुदतवाढ मिळाली.

वाचकांनी हे मात्र ध्यानात घ्यावे की दोन पेढ्यांमधली देवघेव संपलेली नाही. पाहुण्याला वाढल्याबद्दल एक कंपनी दुसरीकडून पैसे घेतेच. कायद्याने त्यालाही मर्यादा घातली. २०१७ मध्ये ही मर्यादा जीबीला ७.७० युरो होती, २०२२ मध्ये ती २ युरोंवर आली आणि २०२७ मध्ये १ युरो व्हायची आहे. सातशे युरोंची हुंडणावळ एका युरोवर येऊ शकते, याचा अर्थ ती पूर्वीही तारांची किंवा मनोऱ्यांची किंमत नव्हती. सीमेची किंमत होती. लाटेला सीमा कळत नाही. ती कळते हिशेबनिसाला.

स्वित्झर्लंड या कायद्याच्या बाहेर राहिला. ६ डिसेंबर १९९२ रोजी स्विस जनतेने मतदान करून युरोपच्या सामायिक आर्थिक क्षेत्रात जायला नकार दिला. नकाराच्या बाजूने मते पडली ५०.३ टक्के. पुढे १२ डिसेंबर २००८ रोजी याच देशाने शेंगेनच्या व्यवस्थेत येऊन सीमेवरची पासपोर्टची तपासणी मात्र काढून टाकली. त्यामुळे आज जर्मनीतून बाझलला येणाऱ्याला कोणी अडवीत नाही, पण त्याच्या फोनला अडवले जाते. काही कंपन्या आपल्या ग्राहकांना स्वित्झर्लंडचीही सवलत आपणहून देतात. भाचीचे स्वस्तातले सिम त्यांतले नव्हते. आमचे हिंदुस्थानी पॅक संघाच्या कायद्यात बसतच नाही. ते आपल्या यादीप्रमाणे चालते, आणि त्या यादीत हे तिन्ही देश होते. तेव्हा त्या दिवशी भाची मुकी आणि मामा-मामी बोलके अशी अवस्था होती.

बाडिशर बानहोफच्या फलाटावरून जिना उतरून आपण एका बोगद्यात येतो. कस्टमचे टेबल आहे, टेबलामागे माणूस कधी असतो, कधी नसतो. चार पावले टाकली की जर्मनी संपून स्वित्झर्लंड लागतो. तिथून ट्रामने नदीपर्यंत आणि पुलावरून जुन्या शहरात. म्युन्स्टरचे लाल दगडाचे देऊळ उंचवट्यावर उभे आहे. आत इरॅस्मस या थोर पंडिताची समाधी. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीवर जन्मभर गावोगाव हिंडलेला हा माणूस १५३६ मध्ये इथे वारला. सारा युरोप हे ज्याचे कार्यक्षेत्र होते त्याचा संसार पत्रांवर चाले. देवळाच्या मागे फाल्त्स नावाचा सज्जा आहे. तिथून खाली ऱ्हाइनचे हिरवट, वेगवान पाणी दिसते.

बाझलकरांची एक मौज या सज्जावरून दिसते. उन्हाळ्यात दुपारपासून माणसे नदीत उतरतात आणि प्रवाहाबरोबर वाहत खाली जातात. प्रत्येकापाशी माशाच्या आकाराची एक रंगीत पिशवी. कपडे, चपला, पैसे आणि फोन आत घालून तोंड गुंडाळले की पाणी आत शिरत नाही. मग तो मासा उराशी धरून ही मंडळी तरंगत निघतात. पिशवीतला फोन त्या वेळात वाजला तरी उचलता येत नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सौभाग्यवतीच्या फोनवर तेव्हा आमच्या सोसायटीच्या गटात पाण्याचा टँकर आज आला की नाही, यावर बारा माणसांची बारा मते येत होती. तिने एकवार माशाकडे पाहिले, एकवार फोनकडे, आणि म्हणाली, “अहो, अशी एक पिशवी घ्यायची का?” आम्ही पिशवी घेतली नाही. डेटा मात्र बंद केला. चार वाजता सुरू करायचा, असे ठरले.

दुपारी आठ नंबरची ट्राम धरली. ही हिरवी ट्राम डिसेंबर २०१४ पासून सीमा ओलांडून जर्मनीतल्या वाइल आम राइन या गावी जाते. (तीन नंबरची ट्राम डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समधल्या सँ-लुईला जाते.) जाताना बाझलकरांच्या पिशव्या रिकाम्या असतात, येताना भरलेल्या, कारण लोणी, मांस, साबण सारे जर्मनीत स्वस्त. उलट्या दिशेने फ्रान्स आणि जर्मनीतून हजारो माणसे रोज बाझलला कामाला येतात, कारण पगार इकडे मोठा. एकाच गावाचा बाजार एका देशात, कचेरी दुसऱ्यात आणि बिऱ्हाड तिसऱ्यात! माणसाच्या संसाराला सीमा ही अशी सोयीने वापरता येते. ट्राम सीमेवरून गेली तेव्हा कोणी मान वर केली नाही. फक्त डब्यातले दोन-चार फोन खिशातल्या खिशात गुणगुणले.

वाइलहून पायी चालत नदीवरच्या पुलावर आलो. तीन देशांचा पूल म्हणतात त्याला. २००७ मध्ये खुला झालेला, केवळ पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांसाठी बांधलेला. लांबी २४८ मीटर. एका टोकाला जर्मनी, दुसऱ्या टोकाला फ्रान्समधले ह्यूनिंग, आणि डाव्या हाताला थोड्या अंतरावर बाझलचे बंदर. तिन्ही देशांच्या सीमा जेथे मिळतात तो खरा बिंदू नदीच्या पाण्यात आहे. त्याची खूण म्हणून बंदराच्या टोकावर एक उंच स्तंभ उभारला आहे. पुलाच्या मध्यावर उभे राहिले की तिन्ही देश एका नजरेत येतात. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन फ्रान्समधून जर्मनीत फिरायला निघाला होता.

चार वाजून गेले होते. सौभाग्यवतीने डेटा सुरू केला आणि फोन वाजला तो आईचा नव्हता. शेजारच्या काकांचा निरोप होता. आई न्हाणीघरात घसरून पडली, मनगट मोडले, दवाखान्यात आणले आहे, शुद्धीवर आहे, काळजी नको, पण डॉक्टरांना बोलायचे आहे.

ताबडतोब फोन लावला. डॉक्टरांचा आवाज आला, “आजी रक्त पातळ होण्याची गोळी घेतात का? घेत असल्या तर कोणती, किती? त्यांना नाव आठवत नाहीये. हाड जागेवर बसवायचंय, त्याआधी...” आणि आवाज गेला. पुन्हा लावला, दोन वाक्ये झाली, पुन्हा गेला. घडत होते ते असे : पुलावर तिन्ही देशांच्या मनोऱ्यांचे जाळे पोचते. फोन बिचारा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे धावे. दोन पावले इकडे झाली की जर्मन, वारा फिरला की फ्रेंच, मध्येच स्विस. आणि देश बदलला की प्रत्येक वेळी नव्या सावकाराने ‘हा तुमचाच का?’ म्हणून भारताला विचारायचे आणि हुंकार येईपर्यंत चालू बोलणे तुटायचे. शांततेच्या काळात जिची गंमत वाटते ती सीमा अशा वेळी गळ्याशी येते.

भाचीने मामीच्या हातातून फोन घेतला. “मामा, तो आपोआप नेटवर्क निवडतोय ना, ते बंद करायचं आणि एकच हातानं निवडायचं. आम्ही सीमेवर असंच करतो.” यादी उघडली, तीन देशांच्या कंपन्यांची नावे एकाखाली एक. तिने त्यांतल्या एका जर्मन नावावर बोट ठेवले आणि आम्ही तिघेही वाइलच्या टोकाकडे चालत जाऊन एका झाडाखाली उभे राहिलो. फोन स्थिर झाला. आईच्या औषधांच्या चिठ्ठीचे छायाचित्र सौभाग्यवतीने निघण्यापूर्वी काढून ठेवलेच होते. ते पाठवले. ऱ्हाइनच्या काठावरून मुंबई आणि मुंबईहून सांगली, इतक्या वाटेने ते गेले आणि मिनिटाभरात डॉक्टरांचा निरोप आला : मिळाले. त्यांनी गोळीचे नाव पाहून काय ते ठरवले, शस्त्रक्रियेची गरज नाही म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत हाताला प्लॅस्टर बसले. बहीण बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने निघाली.

मग आई बोलली. पहिले वाक्य काय असावे?

“अरे, तिकडनं कशाला फोन केलास? पैसे पडत असतील!”

हे वाक्य विनोदी वाटेल. पण त्याला इतिहास आहे. आईचे माहेर चिकोडीचे. सांगलीहून फार लांब नाही, माणसे आमच्यासारखेच मराठी बोलतात, पण मध्ये कर्नाटकाची हद्द येते. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ती हद्द ओलांडली की मोबाइलवर रोमिंगची अक्षरे उमटत आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. सावंतवाडीहून पत्रादेवीवरून गोव्यात शिरावे तर काही नाही, कारण टेलिफोनवाल्यांच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा एकाच मंडळात. आणि कोल्हापूरहून चाळीस किलोमीटरवर निपाणीत मावशीकडे जावे तर परमुलूख. हद्दीवरच्या गावांतली माणसे दोन-दोन सिमे बाळगीत. आईपाशी एकच होते. म्हणून माहेरी गेली की ती फोन उचलत नसे. एक घंटा वाजू देई आणि बंद करी. म्हणजे ‘मी सुखरूप आहे’ असे आम्ही समजायचे. पंधरा-पंधरा दिवस आई अशी एका घंटेपुरती आमच्याशी बोलत होती. पुढे २०१६-१७ च्या सुमारास कंपन्यांच्या चढाओढीत देशातले रोमिंगचे दर गेले आणि निपाणी-चिकोडी पुन्हा आपल्या मुलखात आली. नकाशा तसूभरही हलला नाही.

आणि त्याही मागची गोष्ट आमच्या घरात अजून हळू आवाजात सांगतात. आमचे एक काका १९६० नंतरच्या काळात श्टुटगार्टला यंत्रशाळेत शिकायला होते. त्यांच्या निळ्या हवाईपत्रांना इकडे यायला आठ-दहा दिवस लागत. आजोबा गेले तेव्हा तार करावी की नाही, यावर घरात खल झाला. तारेला शब्दागणिक पैसे, आणि शिवाय एकटा पोरगा परक्या मुलखात तारेचे चार शब्द वाचून काय करील, या विचाराने सविस्तर पत्र लिहायचे ठरले. ते पत्र काकांच्या हाती पडले तेव्हा इकडे तेरावाही होऊन गेला होता. मधल्या काळात काकांनी वडिलांना उद्देशून लिहिलेली दोन हवाईपत्रे घरी येऊन पडली. आजीने ती फोडू दिली नाहीत. काका पुढे वर्षानुवर्षे कोणतेही पत्र आधी तारीख पाहून मग वाचीत.

तेव्हा ‘परदेशात गेल्यावर तरी तो फोन बंद ठेवा’ असे सांगणाऱ्या थोर मंडळींशी मला पूर्णपणे सहमत होता येत नाही. टँकरच्या चर्चेपुरते त्यांचे म्हणणे रास्त आहे. समोर ऱ्हाइन वाहत असताना सोसायटीचा गट वाचणे हा नदीचा अपमान आहे आणि पैशांचाही. पण ज्या घरात काकांच्या नावाची दोन न फोडलेली पत्रे आहेत, त्या घरातल्या माणसाला फोन बंद करताना हात जरा थबकतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आज म्हातारी माणसे एका खंडावर आणि मुले दुसऱ्या खंडावर आहेत. त्यांच्या दृष्टीने रोमिंगचा दर म्हणजे माणसांमधल्या अंतराचा दर आहे. तो कोणी किती आकारावा, हा प्रश्न कंपन्यांच्या दरपत्रकापुरता ठेवण्यासारखा नाही. युरोपने तो कायद्याने सोडवता येतो हे दाखवले, आपण देशापुरता चढाओढीने सोडवला. देशाच्या बाहेर पाऊल टाकले की मात्र अजून ज्याच्या खिशात पैसे तोच बोलका.

संध्याकाळी बाझलला परतलो. कोणाला फारसे बोलावेसे वाटत नव्हते. म्युन्स्टरच्या पायथ्याशी नदी ओलांडायला लाकडी होडी मिळते, तीत बसलो. शहरात अशा चार होड्या आहेत. त्यांना यंत्र नाही, शीड नाही, वल्हीही नाहीत. नदीवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोलादी तार ताणलेली, तिच्यावर सरकणाऱ्या दोराने होडी बांधलेली. नावाडी सुकाणू जरा तिरपे करतो आणि प्रवाहच होडीला पलीकडे लोटतो. दोर तुटला तर होडी वाहून जाईल, आणि प्रवाह नसेल तर जागची हलणार नाही. पाण्याच्या आवाजाखेरीज आवाज नव्हता. भाची तारेकडे पाहत होती. “आजी बरी होईल ना, मामा?” तिने विचारले. मामीने तिला जवळ घेतले. तिचा डेटा दिवसभर बंद होता. आजीशी बोलायला तिला मामाचाच फोन मागावा लागला होता. होडी पलीकडे लागेपर्यंत तो मी तिच्याच हाती ठेवला.

परत निघावे असे आमच्या मनात होते. आईने निक्षून ‘तिकिटाचे पैसे बुडवून येऊ नका’ असे बजावले, आणि बहीण पोचल्याचे कळल्यावर आम्ही ठरल्या दिवशी परतलो.

प्लॅस्टर निघाले. श्रावणात आई भाच्याच्या गाडीने चिकोडीला गेली आणि चांगली महिनाभर राहिली. रोज रात्री आठला तिचा फोन येई, तोही चित्रासकट. आडाचे पाणी किती वर आले, भावजयीने कटाची आमटी कशी केली, कोणाची सून कोठे नोकरीला लागली, हे सारे ती निवांत सांगे. अर्धा-अर्धा तास बोले. मग एकाएकी काहीतरी आठवल्यासारखा तिचा चेहरा होई आणि घाईघाईने ती म्हणे, “बरं, ठेवते आता. पैसे पडत असतील.”